अ‍ॅनेक्स म्हणजे नक्की काय, आणि मराठीत कुठे काय लिहायचं

इंग्रजी बातमीत अ‍ॅनेक्स हा शब्द आला की मराठी कॉपीत हमखास गोंधळ होतो. मथळ्यात युक्रेनचा क्रिमिया प्रांत 'बळकावलेला' असतो, खाली बातमीत तोच क्रिमिया रशियात 'विलीन' झालेला असतो, आणि मशीनमधून भाषांतर करून आणलेल्या तिसऱ्या ओळीत तो चक्क रशियाशी 'संलग्न' असतो, म्हणजे एखादं कॉलेज विद्यापीठाला संलग्न असतं तसा. तिन्ही शब्द चुकीचे नाहीत पण तिघांचा अर्थ वेगळा आहे, आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की नक्की झालं काय. इंग्रजीत एका शब्दावर भागतं, मराठीत भागत नाही, आपल्याला दरवेळी ठरवावं लागतं. ते कसं ठरवायचं ते इथे क्रमाने लिहितोय, भाषांतर करणाऱ्यांना, एमपीएससीचा इतिहास वाचणाऱ्यांना आणि हॉटेलवाल्याने 'तुमची रूम अ‍ॅनेक्समधे आहे' असं सांगितल्यावर बुचकळ्यात पडणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी मूळ अर्थ. लॅटिनमधे जोडणे, बांधणे अशा अर्थाचं क्रियापद आहे, त्यातून हा शब्द आला. पण नुसतं जोडणं नाही. यात एक मोठं आणि एक लहान असतं. मोठं आपल्या जागी, आपल्या नावाने राहतं आणि लहान त्याला येऊन चिकटतं. दोन सारख्या कंपन्या एकत्र येऊन तिसऱ्याच नावाने उभ्या राहिल्या तर ते अ‍ॅनेक्स नाही. मुख्य ते मुख्यच राहायला पाहिजे, ही पहिली खूण.

पायरी १: काय जोडलंय ते बघा

तीनच शक्यता असतात. मुलूख, इमारत किंवा कागद. मुलूख असेल तर पुढे बरीच डोकेफोड आहे, इमारत असेल तर थोडी, कागद असेल तर जवळजवळ नाहीच. बोलताना एक छोटा फरक आहे, मुलूख जोडण्याचं क्रियापद असेल तर जोर शेवटाकडे देतात आणि इमारतीचं नाम असेल तर सुरुवातीला. ब्रिटिश स्पेलिंगमधे इमारतीच्या अ‍ॅनेक्सला शेवटी एक जास्तीचं ई अक्षर लावतात, अमेरिकन लावत नाहीत. म्हणजे ब्रिटिश मजकुरात शेवटी ई दिसला तर बहुतेक वेळा इमारतच आहे, देश नाही.

पायरी २: नुसता ताबा आहे की कागदावरही आपलं म्हटलंय?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. लष्कर घुसलं, चौक्या बसल्या, पण 'हा भाग आता आमच्या देशाचा' असं कायद्याने जाहीर केलेलं नाही, तर ते अ‍ॅनेक्स नाही, तो ताबा. शेजाऱ्याने तुमच्या रानात ट्रॅक्टर घातला हा ताबा झाला, आणि तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवलं तर ते अ‍ॅनेक्स. दुसरी गोष्ट जास्त गंभीर कारण त्यात परत जायचा इरादाच नाही.

ताब्यासाठी मराठीत चांगला शब्द रुळलेला आहे, व्याप्त. पाकव्याप्त काश्मीर आपण रोज म्हणतो. तोच इतर ठिकाणी वापरायला काय हरकत आहे? इस्रायलने सीरियाच्या गोलान टेकड्या १९६७ च्या युद्धात घेतल्या तेव्हा त्या व्याप्त होत्या. डिसेंबर १९८१ मधे इस्रायलच्या संसदेने कायदा करून आपलं कायदे-प्रशासन तिथे लागू केलं, तेव्हा जग त्याला अ‍ॅनेक्स म्हणायला लागलं, आणि सुरक्षा परिषदेने ठराव ४९७ करून ते अमान्य ठरवलं. म्हणजे तीच जमीन, तेच सैन्य, पण १९६७ साठी एक शब्द आणि १९८१ साठी दुसरा. बातमी कुठल्या सालाबद्दल बोलतेय ते बघितल्याशिवाय लिहू नका.

इराकचं प्रकरण तर आठवड्याभरात झालं. २ ऑगस्ट १९९० ला सैन्य कुवेतमधे घुसलं, ८ ऑगस्टला कुवेत इराकमधे सामील केल्याचं जाहीर झालं, ९ ऑगस्टला सुरक्षा परिषदेने ठराव ६६२ करून ते रद्दबातल म्हटलं. पुढे त्याच महिन्यात इराकने कुवेतला आपला १९वा प्रांतही करून टाकलं.

पायरी ३: कोणाच्या मर्जीने?

आता शब्दांची उतरंड. खालच्या माणसाची मर्जी किती होती यावर शब्द ठरतो.

मर्जी नव्हती आणि लिहिणाऱ्यालाही ते चुकीचं वाटतंय, तर बळकावणे. त्याहून राग असेल तर गिळंकृत करणे, घशात घालणे. हे अग्रलेखात ठीक, बातमीत नको. राग दाखवायचा नाही पण जबरदस्ती झाकायचीही नाही, तर 'आपल्यात सामील करून घेतला', 'आपल्या राज्याला जोडून घेतला'. यातलं 'करून घेतला' महत्त्वाचं, कारण कर्ता कोण आणि फायदा कोणाचा हे त्या 'घेणे'मधे आपोआप येतं. नुसतं 'सामील झाला' लिहिलं की तो स्वतःच्या पायाने चालत गेला असा अर्थ होतो. एका क्रियापदाने बातमीची बाजू फिरते, हे डेस्कवर बसणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवावं.

लढून घेतला असेल तर जुना साधा शब्द, जिंकून घेतला. तहात मिळाला असेल तर देणाऱ्याच्या बाजूने 'तोडून दिला' म्हणतात. १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्याने ईस्ट इंडिया कंपनीला मुलूख तोडून दिला, याला अ‍ॅनेक्स म्हणायचं कारण नाही. आणि लग्नात दिला असेल तर आंदण. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली त्याला आपण आजही आंदणच म्हणतो, आणि बरोबर म्हणतो.

दोन्हीकडून सह्या झाल्या असतील तर विलीनीकरण. इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्यात बरेच जण घोळ घालतात. संस्थानांच्या बाबतीत दोन टप्पे होते. १९४७ मधे सामीलनामा, त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय भारताकडे आले, राजा गादीवरच होता. मग पुढे विलीनीकरणाचा करार, तेव्हा संस्थानच संपलं. दक्षिणी संस्थानं म्हणजे औंध, सांगली वगैरे ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर थोडं मागून, १ मार्च १९४९ ला. सामील आणि विलीन हे शब्द इथे अदलाबदल करून चालत नाहीत. काश्मीरच्या महाराजांनी २६ ऑक्टोबर १९४७ ला जी सही केली ती सामीलनाम्यावर.

खालसा: आपला जुना शब्द, पण सगळीकडे चालत नाही

शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय, 'डलहौसीने संस्थाने खालसा केली'. अ‍ॅनेक्ससाठी हा मराठीतला सगळ्यात मुरलेला शब्द. मूळ अरबी-फारसी, शुद्ध, निर्भेळ असा अर्थ, म्हणजे मधे जहागीरदार, इनामदार कोणी नाही, महसूल थेट सरकारात. उलट जो गाव कोणाला तरी दिलेला तो दुमाला. कोल्हापूरकडे करवीर तालुक्यात सडोली खालसा आणि सडोली दुमाला अशी दोन गावं आजही आहेत, तिथल्या लोकांना हा फरक वेगळा समजवायला नको.

तर खालसा करणे म्हणजे मधला माणूस काढून टाकून वरच्याने थेट आपल्या हातात घेणे. म्हणजे वरचा आधीपासूनच वरचा असावा लागतो. साताऱ्याचं बघा. १८१८ मधे पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीच प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, १८३९ मधे त्यांनीच काढलं, भावाला म्हणजे शहाजी उर्फ आप्पासाहेबांना बसवलं. १८४८ मधे आप्पासाहेब गेले, औरस मुलगा नव्हता, मरायच्या आधी दत्तक घेतला होता, तो डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा. झाशीचं आणि नागपूरचं १८५४ मधे साधारण असंच. या सगळ्यांना खालसा शब्द चपखल बसतो, कारण कंपनी स्वतःला वरची सत्ता समजत होती. अवध १८५६ मधे घेतलं ते दत्तकावरून नाही, गैरकारभाराचं कारण दाखवून, परीक्षेत हा फरक हमखास विचारतात, पण शब्द खालसाच.

पंजाबला मात्र जपून. १८४९ चा पंजाब हा कंपनीचा मांडलिक म्हणून वारस नसल्यामुळे गेलेला नाही, दुसऱ्या शीख युद्धात हरल्यावर घेतलेला आहे. शिवाय 'खालसा' हे शिखांचंच नाव, त्यामुळे 'इंग्रजांनी खालसा राज्य खालसा केलं' असं विनोदी वाक्य तयार होतं. तिथे सरळ 'पंजाब ब्रिटिश राज्याला जोडला' लिहा.

आणि क्रिमियाला तर खालसा अजिबात नको. युक्रेन हा रशियाचा जहागीरदार नव्हता. १६ मार्च २०१४ ला तिथे सार्वमत घेतलं, १८ तारखेला मॉस्कोत करार झाला, २७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते सार्वमत अवैध ठरवणारा ठराव १०० विरुद्ध ११ मतांनी केला, ५८ देश तटस्थ राहिले, त्यात भारतही होता. बातमीसाठी 'रशियाने २०१४ मधे आपल्यात सामील करून घेतलेला क्रिमिया' हे जरा लांबलचक आहे पण कोणीही त्यात खोट काढू शकत नाही. मथळ्यात जागा नसेल तर 'रशियाने घेतलेला क्रिमिया'.

एमपीएससीवाल्यांसाठी अजून एक. हिंदी नोट्समधून आलेले विलय, अधिग्रहण हे शब्द तसेच उचलू नका. मराठीत अधिग्रहण म्हटलं की लोकांना उन्हाळ्यात टंचाईसाठी घेतलेली विहीर नाहीतर इलेक्शनला लावलेल्या गाड्या आठवतात, आणि रस्त्यासाठी जमीन जाते ते भूसंपादन. 'अवधचं अधिग्रहण' वाचलं की मला तहसीलदाराची नोटीस डोळ्यासमोर येते.

गोवा आणि मराठवाडा, इथे हात सांभाळून

इंग्रजी पुस्तकांमधे १९६१ च्या गोव्याबद्दल अ‍ॅनेक्सेशन हा शब्द सर्रास सापडतो. मराठीत तो 'गोवा मुक्ती' आहे, १९ डिसेंबर १९६१, आणि आपल्या वाचकाला दुसरा शब्द दिला तर तो चमकणार. मग भाषांतर करताना काय करायचं? माझं मत असं की शब्द कोणाच्या तोंडी आहे ते बघा. लेखक पोर्तुगालची बाजू सांगत असेल तर 'पोर्तुगालच्या मते भारताने बळाने घेतलेला गोवा' असं त्याच्या तोंडी घाला, लपवू नका. घटनेच्या भाषेत बोलायचं तर १९६२ च्या १२व्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण, दीवचा भारतात केंद्रशासित प्रदेश म्हणून समावेश झाला, तो शब्द कोरडा आहे पण कोणाला टोचत नाही. पोर्तुगालने हे मान्य केलं थेट १९७४ च्या शेवटी करार करून.

'गोव्याचं विलीनीकरण' मात्र १९६१ साठी बिलकुल लिहू नका. गोव्यात विलीनीकरण म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना १६ जानेवारी १९६७ चा कौल आठवतो, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहायची दोन पानं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. म्हणजे तो शब्द तिथे आधीच बुक झालेला आहे, आणि जे विलीनीकरण झालंच नाही त्याचं नाव आहे ते! पणजीच्या वाचकासाठी लिहिताना हे माहीत नसेल तर वाक्याचा अर्थच उलटा होतो.

मराठवाड्याचं पण तसंच. निजामाने सामीलनाम्यावर सही केलेली नव्हती, नोव्हेंबर १९४७ मधे फक्त जैसे थे करार होता. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य आत गेलं, १७ ला निजाम शरण आला. सरकारी भाषेत ती पोलीस कारवाई, आजही जुनी माणसं 'पोलीस अ‍ॅक्शन'च म्हणतात, मराठवाड्यात ती हैदराबाद मुक्तिसंग्रामाची अखेर, आणि परदेशी लेखकांकडे अ‍ॅनेक्सेशन. औरंगाबाद-नांदेडच्या पेपरात 'मुक्ती', लष्कराच्या हालचालींबद्दल लिहिताना 'कारवाई', आणि नकाशा-प्रशासनाबद्दल लिहिताना 'भारतात विलीन', असं विषयाप्रमाणे बदलावं. सिक्कीमला, म्हणजे एप्रिल १९७५ चं सार्वमत आणि मेमधे ३६व्या घटनादुरुस्तीने २२वं राज्य, तिथे 'भारतात समावेश' किंवा 'विलीनीकरण' दोन्ही चालतं, अ‍ॅनेक्स म्हणणारे तिथेही आहेतच.

पायरी ४: गाव शहरात आलं तर

अमेरिकन बातमीत एखादं शहर शेजारची वस्ती अ‍ॅनेक्स करतं, आणि भाषांतर येतं 'शहराने गाव ताब्यात घेतले'. रणगाडे घेऊन गेले की काय! याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, हद्दवाढ. आत घेतलेली गावं ती समाविष्ट गावं. पुण्यात २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला २३ घेतली, म्हणून पेपरात 'समाविष्ट ३४ गावे' हा शब्दप्रयोग इतका वेळा आला की आता समाविष्ट म्हटलं की पुणेकराला पाण्याचे टँकरच दिसतात. उलट्या क्रियेला वगळणे. त्या ११ मधली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर वगळली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं तर आत घेतली, वगळली, परत घेतली.

पद्धतही शब्दात दिसते. राज्य सरकार आधी प्रारूप अधिसूचना काढतं, हरकती-सूचना मागवतं, मग अंतिम अधिसूचना. म्हणजे महापालिका स्वतः काही अ‍ॅनेक्स करत नाही, करतं सरकार. त्यामुळे 'महापालिकेने गावे जोडली' यापेक्षा 'गावे महापालिकेच्या हद्दीत घेण्यात आली' हे खरं आहे. आणि गावातला माणूस यातलं काहीच म्हणत नाही, तो म्हणतो 'गाव कॉर्पोरेशनमधे गेलं'. जमीन हायवेत गेली, घर धरणात गेलं, तसंच. हे 'गेलं' इतकं बोलकं आहे की कथा-रिपोर्ताज लिहिताना हद्दवाढ सोडून हेच वापरावं, सरकारी बातमीत अर्थात नाही.

पायरी ५: इमारत असेल तर

अ‍ॅनेक्स म्हणायला तीन गोष्टी लागतात, नंतर बांधलेली असावी, मूळ इमारतीला चिकटून किंवा अगदी शेजारी असावी, आणि काम मूळ इमारतीचंच वाढवत असावी. दिल्लीत संसद भवनाचं अ‍ॅनेक्स १९७५ मधे सुरू झालं, समित्यांच्या बैठकांना जागा पुरत नव्हती म्हणून. मुंबईत मंत्रालयाची विस्तार इमारत आहे, तिलाही सगळे अ‍ॅनेक्सच म्हणतात. लेखी मराठीत विस्तार इमारत किंवा विस्तारित इमारत लिहा, जोडइमारत पण समजतं. बोलीत अ‍ॅनेक्स राहू द्या, लोकांना पत्ता सापडला पाहिजे, रिक्षावाल्याला 'विस्तारित इमारत' सांगून काही होत नाही.

वर मजला चढवला तर ते अ‍ॅनेक्स नाही, माडी चढवली. घराला मागे खोली काढली, पडवी काढली, हेही अ‍ॅनेक्स म्हणायची गरज नाही, 'काढणे' हे क्रियापद पुरतं. बाल्कनी आत घेतली तर ती बाल्कनी आत घेतली, महापालिकेच्या भाषेत वाढीव बांधकाम आणि बऱ्याचदा अनधिकृत. मोठ्या हॉस्पिटलला नवी विंग होते, ती आतूनच जोडलेली असते म्हणून विंग. अ‍ॅनेक्सला सहसा वेगळा जिना, वेगळं दार असतं.

हॉटेल बुक करताना हा फरक कामाला येतो. अ‍ॅनेक्समधली रूम म्हणजे फोटोत दिसते ती इमारत नव्हे, तिच्या मागची किंवा रस्त्यापलीकडची. लिफ्ट आहे का, नाश्त्याला मेन बिल्डिंगला चालत जावं लागतं का, पावसात मधे छप्पर आहे का, हे तिन्ही फोनवर विचारून घ्या, आईवडील बरोबर असतील तर नक्कीच.

जगातलं बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध अ‍ॅनेक्स अ‍ॅमस्टरडॅममधलं, प्रिन्सेनग्राख्त २६३, जिथे अ‍ॅन फ्रँक या डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीचं कुटुंब आणि बाकीचे मिळून आठ जण जुलै १९४२ पासून हळूहळू जमले आणि ४ ऑगस्ट १९४४ ला पकडले जाईपर्यंत नाझींपासून लपले. इंग्रजीत त्याला गुप्त अ‍ॅनेक्स म्हणतात पण डच शब्दाचा अर्थ फक्त मागचं घर. कालव्याकाठच्या अरुंद घरांना मागे असा भाग असायचाच. त्यामुळे मराठीत 'मागचं घर' किंवा 'मागची लपायची जागा' लिहिलं तर ते मुळाच्या जास्त जवळ जातं, 'गुप्त जोडइमारत' कृपया नको.

पायरी ६: कागद

हे पटकन. पत्राला, कराराला मागे जोडलेला कागद म्हणजे परिशिष्ट, सहपत्र किंवा जोडपत्र. नियमावली-अहवालाला परिशिष्ट, सरकारी पत्राला सहपत्र, अर्जाला जोडपत्र, साधारण असा रिवाज. 'सोबत जोडले आहे' एवढ्यावर क्रियापदाचं काम भागतं. एक अपवाद, मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात राहणाऱ्यांना परिशिष्ट-२ पेक्षा 'अ‍ॅनेक्श्चर टू' जास्त समजतं, पात्र झोपडीधारकांची यादी ती, त्यात नाव आहे की नाही यावर घर ठरतं. तिथे शुद्ध मराठीचा हट्ट धरू नका, परिशिष्ट-२ लिहा आणि पुढे बोलीतलं नावही द्या.

आता सरावाला काही वाक्यं. 'जपानने १९१० मध्ये कोरियाशी विलीनीकरण केले' हे वाक्य सापडलं तर 'जपानने १९१० मधे कोरिया आपल्या साम्राज्याला जोडून घेतला' करा. 'जर्मनीने १९३८ मध्ये ऑस्ट्रियाला संलग्न केले' याचं 'आपल्यात सामील करून घेतले'. 'इस्रायलने १९६७ मध्ये गोलान खालसा केले', इथे शब्दही चूक आणि अर्थही, 'गोलानचा ताबा घेतला'. 'ब्रिटिशांनी १८४८ मध्ये साताऱ्याचे विलीनीकरण केले', खालसा केले. 'वाढत्या शहराने आसपासची गावे बळकावली', बातमी असेल तर 'हद्दीत घेतली', आणि लिहिणारा स्वतः त्या गावातला असेल तर त्याचं 'बळकावली' तसंच ठेवा, एडिट करू नका.